हौस, श्रम आणि पडदा : हौशी चित्रपटनिर्मितीचा एक पाठ

‘हौसेला मोल नाही’ अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. तिचा अर्थ बहुधा एवढाच घेतला जातो की, माणसाला एखाद्या गोष्टीची आवड असली म्हणजे तो खर्चाकडे पाहत नाही. परंतु या म्हणीला दुसरीही एक बाजू आहे. हौसेचे मोल पैशात चुकते होत नसले तरी ते दुसऱ्या एका नाण्यात चुकते करावेच लागते. ते नाणे म्हणजे श्रम. ज्याची हे मोल चुकविण्याची तयारी असते त्याच्या हौसेतून कला जन्माला येते. ज्याची नसते त्याची हौस चार दिवसांची ठरते.

आपल्या राज्यात हौशी नाटकाची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या उत्सवांतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि नाट्यस्पर्धांतून ती जोपासली गेली. हौशी चित्रपटाची परंपरा मात्र आपल्या फारशी लक्षात नसते. चित्रपट म्हणजे मोठे भांडवल, मोठी यंत्रसामग्री आणि महानगर, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. आज खेड्यातील शाळकरी मुलाच्या घरातही चित्रण करू शकणारा मोबाइल असतो. अशा वेळी हे समीकरण पुन्हा तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. तसे पाहू गेल्यास असे आढळून येते की, भारतीय चित्रपटाचा पायाच मुळी हौशी माणसांनी घातला आहे. आणि त्यांपैकी अनेक जण याच महाराष्ट्राच्या मातीतले होते.

पहिले पाऊल : सावेदादा

दि. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया होते. हा खेळ ज्यांनी पाहिला त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे एक छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा या नावाने ओळखत. पडद्यावर आगगाडी येताना पाहून प्रेक्षक चकित झाले आणि घरी गेले. सावेदादांच्या मनात मात्र निराळाच प्रश्न आला. हे आपल्याला का करता येऊ नये? त्यांनी विलायतेहून २१ गिनींना एक कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे दोन मल्लांच्या कुस्तीचे चित्रण केले. ही फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. पुढे, रँग्लर र. पु. परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनी केले.

या उदाहरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सावेदादांनी पौराणिक देखाव्यांच्या किंवा राजवाड्यांच्या मागे न लागता आपल्या परिसरातील कुस्ती निवडली. हौशी माणसाने आपल्या अवतीभवती जे आहे त्याकडे आधी पाहावे, हा धडा त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून दिला.

वाटाण्याचे रोप आणि फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ म्हणून आज आपण त्यांना वंदन करतो. परंतु १९१० च्या सुमारास, ज्या दिवशी ते मुंबईच्या एका तंबूतील चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहत बसले होते, त्या दिवशी ते चाळिशीला आलेले, छपाईच्या धंद्यातून बाहेर पडलेले एक संसारी गृहस्थ होते. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. आपले देव, आपल्या कथा अशाच पडद्यावर यायला हव्यात, हा ध्यास त्यांनी त्या दिवशी घेतला.

ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती सांगताना पुढील भाग मात्र अनेकदा गाळला जातो. ध्यास घेतल्यानंतर फाळक्यांनी ताबडतोब चित्रपट काढला नाही. ते शिकू लागले. त्यांनी एक लहानसे यंत्र आणि काही फिल्मचे तुकडे मिळविले. मेणबत्ती आणि भिंग यांच्या साहाय्याने घरातील भिंतीवर चित्रे पाडून ते प्रयोग करू लागले. मुंबईतील चित्रपट ते रोज कित्येक तास पाहत आणि प्रत्येक दृश्य कसे साधले असेल याचा विचार करीत. झोप अपुरी आणि डोळ्यांवर सततचा ताण, यांमुळे त्यांची दृष्टी अधू झाली. काही काळ दिसेनासे झाले. वेळीच उपचार झाले म्हणून डोळे वाचले.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. फाळक्यांच्या हाती तोपर्यंत वीस-पंचवीस वर्षांची शिदोरी जमा झाली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते. छायाचित्रण, ठसे तयार करणे, रंगीत छपाई, पुराणवस्तू खात्यासाठी रेखाटने, इतकेच काय, ‘प्रोफेसर केल्फा’ असे आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून घेतलेल्या नावाने जादूचे प्रयोग, हे सारे त्यांनी केले होते. लोकांना हा माणूस एका धंद्यात टिकत नाही असे वाटले असेल. चित्रपटाने मात्र त्यांच्याकडून या प्रत्येक विद्येचा हिशेब मागून घेतला. हौशी माणूस म्हणजे अशिक्षित माणूस नव्हे. त्याने आपले शिक्षण आपणच आखलेले असते, इतकेच.

फेब्रुवारी १९१२ मध्ये आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी कामाची पद्धत प्रत्यक्ष पाहिली. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची खरेदी करून ते परतले.

यंत्रे हाती आली, पण भांडवल कोठून आणायचे? चित्रपटात पैसा गुंतविण्यास कोणी धजेना. त्या वेळी फाळक्यांनी जे केले ते आजच्या प्रत्येक हौशी चित्रकर्त्याने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. त्यांनी मोठमोठी आश्वासने दिली नाहीत. एका कुंडीत त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि सुमारे महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. कॅमेरा जागचा हलविला नाही. या चित्रणातून तयार झालेल्या ‘अंकुराची वाढ’ या लहानशा चित्रपटात, ज्या वाढीला निसर्गाला महिना लागतो ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडली. निवडक मंडळींना तो दाखविला गेला आणि पैसा उभा राहण्याची वाट मोकळी झाली.

एक दाणा, एक कुंडी आणि महिनाभराची शिस्त, एवढ्या सामग्रीवर भारतीय चित्रपटाची पत उभी राहिली. यातील कोणतीही गोष्ट आजच्या खेड्यातील शाळेला अप्राप्य नाही. अवघड आहे ती केवळ तिसरी.

घराचा वाटा

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दि. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. या आकड्याचा अर्थ थोडा उलगडून पाहू. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे सारा चित्रपट सुमारे ५९,००० चित्रांचा झाला. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असतात. ती नसतील तर फिल्म यंत्रातून सरकणारच नाही. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे. फुटाला १२८ या हिशेबाने ३,७०० फुटांची छिद्रे चार लाख त्र्याहत्तर हजारांवर जातात. फुकट गेलेली फिल्म आणि नंतर काढलेल्या प्रती यांत धरलेल्या नाहीत.

ही छिद्रे पाडण्याचे काम अंधाऱ्या खोलीत बसून करावे लागे, कारण कच्च्या फिल्मला उजेड चालत नाही. हे काम प्रामुख्याने सरस्वतीबाई फाळके यांनी केले. रसायने कालविणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे म्हणजे नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडेल, ही कामेही त्यांनी केली. दिवसभर मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. घरातील दागिनेही या कामी आले. मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार होईनात, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांनी तारामती उभी केली.

इतिहासात नाव एकाचे लागते, श्रम मात्र घरादाराचे असतात. हौशी निर्मितीचा हा दुसरा धडा होय. ज्या घराने ही कामे हसतमुखाने वाटून घेतली त्या घरातून चित्रपट बाहेर पडला. म्हणून एखाद्या तरुणाच्या हौसेचे कौतुक करताना त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांचीही विचारपूस करणे हे आपले कर्तव्य ठरते.

कोल्हापूरचा घरचा कॅमेरा

फाळक्यांनी कॅमेरा विलायतेहून आणला. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी तो घरीच बनविण्याचे मनावर घेतले. नाटकांचे पडदे रंगविण्यात या बंधूंचा हातखंडा होता. चित्रे दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळवून त्याच्या अभ्यासातून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. कॅमेरा पुरा होण्यापूर्वीच, १९१६ मध्ये, आनंदरावांचे निधन झाले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

त्यांच्याच कारखान्यात तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास आली आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये केंद्र शासनाने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. एका घरगुती कॅमेऱ्यापासून राष्ट्रीय संस्थेपर्यंतची ही साखळी पाहिली म्हणजे हौशी माणसाच्या खटपटीकडे ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणून पाहणे किती अन्यायाचे आहे हे ध्यानी येते.

मालेगावचा शुक्रवार

यावर कोणी म्हणेल की, या शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी झाल्या. तेव्हा क्षेत्र मोकळे होते. त्याला उत्तर फाळक्यांच्याच नाशिक जिल्ह्याने दिले आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. मागांचा खडखडाट शुक्रवारी थांबतो आणि कामगारांचे पाय चित्रपटगृहांकडे वळतात. दंगल आणि बॉम्बस्फोट यांच्या बातम्यांतूनच बाहेरच्या जगाला माहीत झालेल्या या गावात, विसाव्या शतकाच्या अखेरीस, नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओ चित्रपट दाखविण्याचे एक लहान केंद्र चालवीत. देशोदेशीचे चित्रपट दाखविता दाखविता ते त्यांचा अभ्यास करू लागले. दोन व्हिडिओ यंत्रे जोडून दृश्ये कापण्याची आणि सांधण्याची कला त्यांनी स्वतःच हस्तगत केली.

सन २००० च्या सुमारास त्यांनी गावातीलच मंडळी घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट काढला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये आला. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवरून आले. गाजलेल्या चित्रपटातील भव्यता आपल्याला साधणार नाही हे त्यांनी ओळखले आणि त्या उणिवेलाच विनोदाचे साधन बनविले. गावाने हा चित्रपट डोक्यावर घेतला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढताना कॅमेरा फिरविण्यासाठी सायकल आणि उंचावरून चित्रण करण्यासाठी बैलगाडी वापरली गेली. नायकाला आकाशात उडताना दाखविण्यासाठी हिरवा कपडा ताणून त्यापुढे चित्रण करण्यात आले. सुपरमॅनची भूमिका करणारे शफीक शेख हे यंत्रमाग कामगार होते. आजाराने त्यांचे अकाली निधन झाले.

या सर्व खटपटीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ मध्ये तयार केला आणि तो देशोदेशी दाखविला गेला. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींच्या जीवनावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट काढला. तो २०२४ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात व २०२५ मध्ये देशभर प्रदर्शित झाला. ज्यांनी दुसऱ्यांच्या चित्रपटांच्या विडंबनाने सुरुवात केली, त्यांच्याच जीवनावर शेवटी चित्रपट निघाला.

मालेगावच्या कामात दोष होते. उजेड कमी-जास्त असे, अभिनय कच्चा असे. परंतु दिवसाकाठी दहा-बारा तास मागावर उभे राहणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी पुन्हा उन्हात उभे राहणे याला निव्वळ करमणूक म्हणता येणार नाही. श्रमाची सवय ज्या हातांना होती त्याच हातांनी हे चित्रपट केले, हे त्यांचे खरे बळ होय.

घाईने गमावलेले गाणे

येथे एका स्वानुभवाचा उल्लेख करणे मला प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका आडगावच्या शाळेत जाण्याचा योग आला. आठवी-नववीच्या मुलांनी गावच्या जुन्या विहिरीवर तीन-चार मिनिटांचा चित्रपट करावयाचे ठरविले होते. गावात मोट हाकलेले एक वृद्ध गृहस्थ हयात होते आणि मोटेवर म्हणावयाचे गाणे त्यांना मुखोद्गत होते. आपला सल्ला उपयोगी पडेल या भावनेने मुख्याध्यापिकाबाईंनी मला विहिरीवर नेले.

म्हातारबाबा थारोळ्याच्या दगडावर बसले. प्रथम संकोचले, मग डोळे मिटून त्यांनी गाणे म्हटले. सारे कसे छान झाले. मोबाइल धरणारी मुलगी मला म्हणाली, “साहेब, एकदा आवाज ऐकून घेऊ का? वारं लई होतं.” मला पुढच्या गावी कार्यक्रमाला पोहोचावयाचे होते. मी म्हटले, “काही नको बाळ, उत्तम झाले आहे.” आम्ही निघालो.

संध्याकाळी मुलांनी चित्रण पाहिले तेव्हा चित्र स्वच्छ होते, पण आवाजाच्या जागी वाऱ्याची घरघर होती. मधूनच एखादा शब्द ऐकू येई. पुन्हा जाऊ, असे ठरले. परीक्षा आल्या, मग सुट्टी लागली. जून महिन्यात मुले बाबांकडे गेली तेव्हा त्यांना अर्धांगवायू होऊन त्यांची वाचा गेली होती. गाण्याच्या पहिल्या दोन ओळी गावातील एका आजींना येत होत्या. उरलेल्या कोणालाच येत नव्हत्या.

त्या गाण्याचे मोल किती होते हे मी सांगू शकत नाही. परंतु ते वाचविण्यासाठी लागणारे श्रम मात्र नेमके सांगता येतात. दोन मिनिटे थांबणे आणि कान देऊन ऐकणे, एवढेच ते होते. त्या मुलीला ते कळले होते. पदवी आणि पद असूनही मला कळले नाही. हौशी कामात लहान मुलाची शंका मोठ्या माणसाच्या घाईपेक्षा वडील मानावी, हा धडा मी त्या विहिरीवरून घेऊन आलो.

श्रम म्हणजे नेमके काय?

‘खूप कष्ट करा’ हा उपदेश सोपा असतो, पण तो ऐकणाऱ्याला काही हाती लागत नाही. म्हणून शाळा, तरुण मंडळे आणि महिला मंडळे यांना उपयोगी पडतील असे काही टप्पे येथे देत आहे.

पहिला टप्पा पाहण्याचा. विषय कोणताही असो, चित्रणापूर्वी त्या जागी वेगवेगळ्या वेळी तीनदा तरी जावे. सकाळचे ऊन कोठून येते, गुरे केव्हा परततात, पिठाची गिरणी केव्हा सुरू होते, याची टिपणे घ्यावीत. दुपारचे डोक्यावरचे ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते. सकाळचे किंवा उतरतीचे ऊन अधिक चांगले.

दुसरा टप्पा लिहिण्याचा. कागदाच्या मध्यभागी उभी रेघ ओढावी. डाव्या बाजूस काय दिसेल व उजव्या बाजूस काय ऐकू येईल हे लिहावे. ज्या दृश्यासमोर दोन्ही रकाने भरता येत नाहीत ते दृश्य अद्याप मनात तयार झालेले नाही असे समजावे. तीन मिनिटांच्या चित्रपटास पंचवीस-तीस दृश्ये पुरेशी होतात.

तिसरा टप्पा चित्रणाचा. कॅमेरा तिपाईवर, भिंतीवर किंवा निदान विटांच्या चवडीवर टेकवावा. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर धरावे. बोलणाऱ्या माणसाच्या जवळ जावे, कारण दुरून आवाज नीट येत नाही. प्रत्येक चित्रणानंतर तेथेच ते पाहावे आणि मुख्यतः ऐकावे. वर सांगितलेली हकीकत या एका वाक्यासाठीच सांगितली आहे.

चौथा टप्पा संकलनाचा, आणि तो सर्वांत कठीण. जे कष्टाने मिळविले ते टाकून देण्यासाठी मन घट्ट करावे लागते. एका तासाच्या चित्रणातून तीन मिनिटे निवडताना ‘हे मला का आवडते?’ असे न विचारता ‘पाहणाऱ्याला हे का हवे?’ असे विचारावे.

पाचवा टप्पा दाखविण्याचा आणि जपण्याचा. ज्यांचे चित्रण केले त्यांना ते प्रथम दाखवावे. त्यांची हरकत असल्यास तो भाग काढावा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आधीच घ्यावी. दुसऱ्याचे गाणे किंवा संगीत परवानगीवाचून वापरू नये. चित्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि सोबत तारीख, गाव व माणसांची नावे लिहून ठेवावीत. ‘राजा हरिश्चंद्र’चे आज काही भागच उपलब्ध आहेत. मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपट आपण गमावून बसलो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर पुष्कळसे नष्ट झाले होते. मोबाइलमधील चित्रण तर एका बोटाच्या चुकीने नाहीसे होते. निर्मितीइतकेच जतन हेही श्रमाचेच काम आहे.

ध्यासाची मर्यादा

ध्यासाचा गौरव करताना त्याची किंमतही उघडपणे सांगितली पाहिजे. फाळक्यांचे डोळे जाता जाता वाचले. विम्याची रक्कम आणि दागिने पणास लागले. त्यांना यश आले म्हणून आपण त्याला त्याग म्हणतो. यश न येते तर त्यालाच अविचार म्हटले असते. पुढील आयुष्यातही चढउतार त्यांना चुकले नाहीत. दि. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा बोलपटांच्या झगमगाटात त्यांची आठवण मागे पडली होती. त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ पासून.

म्हणून तरुणांना असे सांगावेसे वाटते की, जमीन गहाण टाकून चित्रपट काढू नका. शिक्षण किंवा रोजगार सोडून एकदम उडी घेऊ नका. वाटाण्याच्या रोपापासून आरंभ करा. जो महिनाभर एका कुंडीशी इमान राखू शकतो त्याला पुढची वाट सापडते. आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याला ते स्वस्तात कळून चुकते.

आपण काय करू शकतो?

हौस सरकारी आदेशाने निर्माण होत नाही. मात्र तिला जागा देणे किंवा न देणे हे पुष्कळदा गावच्या कारभाऱ्यांच्या हाती असते. शाळेचे सभागृह रविवारी दोन तास उघडे ठेवणे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पांढरा पडदा लावण्यास संमती देणे, ग्रामसभेनंतर मुलांचा पाच मिनिटांचा चित्रपट दाखविणे, वाचनालयाच्या कपाटात गावच्या चित्रणाचा एक खण राखून ठेवणे, यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च येत नाही.

शिक्षकांनी चित्रण हा अभ्यासाचाच एक भाग मानावा. अंकुराची वाढ हा विज्ञानाचा पाठ आहे, विहिरीची हकीकत इतिहासाचा, आजीची मुलाखत मराठीचा, आणि फुटाला छिद्रे किती हा गणिताचा. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथील महाविद्यालयात शिकत असता विद्यार्थिदशेतील काम म्हणून आकारास आला आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरला. वर्गातल्या कामाकडे कोणी गांभीर्याने पाहिले तर ते कोठवर पोहोचू शकते याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

अधिकाऱ्यांनीही या कामाकडे केवळ प्रसिद्धीचे साधन म्हणून पाहू नये. गावाने स्वतःचे केलेले चित्रण हा गावाचा दप्तरातील नोंदींइतकाच मोलाचा दस्तऐवज असतो. पाणलोटाचे काम होण्यापूर्वी ओढा कसा होता, वाड्यावरची जत्रा कशी भरे, कोणते बियाणे कोणत्या घरी जपले होते, हे दहा वर्षांनी कोणी विचारील तेव्हा उत्तर देण्यास एखादी तीन मिनिटांची फिल्म पुरेशी होईल.

सावेदादांची कुस्ती, फाळक्यांचा वाटाणा, सरस्वतीबाईंची लाखो छिद्रे, पेंटर बंधूंचा घरचा कॅमेरा आणि मालेगावच्या सायकली ही एकाच वाटेवरील पावले आहेत. ती वाट अजून संपलेली नाही. आपल्या गावात एखादा मुलगा किंवा मुलगी हातात मोबाइल घेऊन विहिरीच्या काठी ताटकळत उभी दिसली, तर ‘वेळ का फुकट घालवतेस?’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ती वारा पडण्याची वाट पाहत असेल. शक्य झाल्यास आपणही तिच्यासोबत दोन मिनिटे उभे राहावे.